जामखेड : डॉक्टरांनी वाटून टाकलेली विद्या

१/ सप्टेंबर १९७८. आल्मा-आटा येथील परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा संमत झाला. त्याच्या तीन वर्षे आधी जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतील लोकाधारित आरोग्यप्रयोगांवर एक ग्रंथ काढला होता. त्यातील एक प्रकरण नगर जिल्ह्यातील जामखेडवर होते. लेखक : डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे.

२/ रजनीकांत सुप्याचे, शिक्षक आईवडिलांचे पुत्र. मेबल जबलपूरच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघे सहाध्यायी. १९५९ मध्ये पदवी, १९६० मध्ये विवाह. खेड्यातील उपेक्षितांसाठी आयुष्य वेचायचे, हा निश्चय तेव्हाचाच.

३/ १९६२ ते १९६६ ही वर्षे नगर जिल्ह्यातीलच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात गेली. रुग्ण बरे होत, घरी जात आणि तोच आजार घेऊन परतत. बहुतेक दुखण्यांचे मूळ अन्न, पाणी आणि दारिद्र्य यांत होते. रुग्णालयाच्या भिंतीआड बसून त्यावर उपाय होणार नव्हता.

४/ पुढे दोघे अमेरिकेला गेले. क्लीव्हलँड येथे वैद्यकाचे उच्च प्रशिक्षण आणि नंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. जामखेडचा आराखडा याच काळात आकाराला आला.

५/ १९७० मध्ये ते परतले. बीडच्या सीमेलगतचा जामखेड हा अवर्षणग्रस्त भाग त्यांनी निवडला. आरंभ झाला तो गुरांच्या दवाखान्याच्या जुन्या इमारतीत.

६/ लवकरच १९७२ चा दुष्काळ आला. औषधाआधी पाणी हवे होते. कूपनलिका खोदताना जागा दलित वस्तीत निवडल्या गेल्या. पाण्यासाठी सवर्णांना त्या वस्तीत जावे लागले. आरोग्याचा प्रश्न जातीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, हे येथे कृतीतून सिद्ध झाले.

७/ खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा पहिला बेत फसला. त्या गावाला परक्या होत्या. मग गावातल्याच स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांतील अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, एकत्र जेवत, एकत्र राहत. गर्भवतीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाची ओळख, कुटुंबनियोजन ही कामे त्यांनी हाती घेतली.

८/ प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

९/ केंद्र सरकारने १९७७ मध्ये गावोगावी आरोग्यसेवक नेमण्याची योजना आणली. पण त्यांत बहुसंख्य पुरुषच निवडले गेले. म्हणजे जामखेडचे बाह्यरूप उचलले गेले आणि गाभा सुटला. स्त्रीला केंद्रस्थानी आणणारी ‘आशा’ योजना येण्यास २००५ उजाडले.

१०/ आज जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आणि वसई-विरारच्या चाळींत आशाताई दारोदार फिरतात. मात्र त्या सरकारी कर्मचारी गणल्या जात नाहीत; मानधनासाठी त्यांना रस्त्यावर उतरावे लागते. आरोळ्यांनी त्या स्त्रियांना आपली विद्या दिली आणि विद्येबरोबर गावात मानही मिळेल असे पाहिले. व्यवस्थेने विद्येचा उपयोग करून घेतला. मानाची थकबाकी अजून शिल्लक आहे.