वार ठरला की पैसा साठतो : बेळगावची भिशी आणि पिग्मी

वडील गेल्यानंतर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी सुतळीनं बांधलेलं एक पुडकं मिळालं. त्यात तीन गोष्टी होत्या. पोस्टाचं एक पासबुक, भिशीची चाळीस पानी वही आणि पिग्मीचं एक कार्ड.

मी इंजिनिअर माणूस. तीन वाचनं हाती लागली की ती शेजारी मांडून बघायची सवय आहे. पोस्टाच्या पासबुकात बारा वर्षांत चार नोंदी. भिशीच्या वहीत दर शनिवारी एक नोंद, मध्ये खंड नाही. पिग्मीच्या कार्डावर रोजची तारीख आणि समोर पैसे नेणाऱ्याची इवलीशी सही. माणूस तोच, गाव तेच, उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला आठवड्याचा पगारही तोच. मग ही तीन माणसांची खाती वाटावीत इतका फरक का?

बचत म्हटलं की आपण लगेच स्वभावावर जातो. अमका काटकसरी, तमका उधळ्या. हे पुडकं बघितल्यापासून माझं मत बदललं. सवय माणसात कमी असते, व्यवस्थेत जास्त असते.

आधी पोस्ट घेऊ. इलाखा शहरांतल्या सरकारी बचत बँका १८३० च्या दशकातल्या. पण गावोगावच्या माणसाला दार उघडलं ते १ एप्रिल १८८२ ला, पोस्ट ऑफिस बचत बँक सुरू झाली तेव्हा. चार आण्यांपासून पैसे ठेवता येत. हमी सरकारची, त्यामुळे बुडण्याची भीती नाही. कागदावर ही योजना गरिबासाठीच होती. अडचण एकच, खिडकी उघडी असायची ती कामाच्या वेळेत. शहापूर-वडगावच्या विणकराला माग थांबवून जावं लागे. फाउंड्रीतल्या मोल्डरला खाडा पडे. चार आणे ठेवायला अर्ध्या दिवसाची मजुरी घालवायची, हा हिशोब कोण करेल? शिवाय तुम्ही गेला नाहीत, तर ‘का आला नाहीस?’ असं विचारणारं तिथं कुणी नव्हतं.

सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा. आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कणगिनहाळ इथं १९०५ मध्ये या कायद्याखालची अगदी सुरुवातीची संस्था निघाली, हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ठाऊक असतं. तिकडे बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ मध्येच, कायदा नसताना, अन्योन्य सहाय्यकारी मंडळी उभी केली होती. पण या संस्थांचा मूळ रोख सावकाराच्या तावडीतून सुटण्यावर, म्हणजे कर्जावर होता. आठवड्याच्या मजुरीतून रुपया बाजूला कसा काढायचा, हे गल्लीनं आपलं आपणच सोडवलं. भिशी काढून.

भिशीचे दोन प्रकार आपण बघितलेले आहेत. एक फिरती. दहा जणांनी दर आठवड्याला दहा-दहा रुपये काढायचे, जमलेले शंभर चिठ्ठी टाकून एकाला द्यायचे, असं दहा आठवडे. हिची गंमत अशी की पहिली चिठ्ठी लागलेल्यासाठी ते कर्ज असतं आणि शेवटच्यासाठी बचत. मधले अर्धे-अर्धे. दुसरा प्रकार साठवणीचा, कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत तालमी आणि मंडळं चालवतात तो. दर आठवड्याला ठरलेली रक्कम द्यायची, जमलेल्या पैशातून सभासदांनाच व्याजानं उचल द्यायची आणि दिवाळीच्या तोंडावर मुद्दल-व्याजाचं वाटप करायचं. यालाच ‘भिशी फुटली’ म्हणतात. फुटणं हा शब्द एरवी नुकसानीचा, इथं तो आनंदाचा.

वडिलांची वही या दुसऱ्या भिशीची. वीस सभासद, आठवड्याला रुपया. पन्नास आठवड्यांचे हजार रुपये, वर व्याज. वार शनिवार, कारण पगार शनिवारी. हा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पैसा हातात येतो त्याच संध्याकाळी, घरी पोचायच्या आत तो बाजूला निघायचा. रविवारी सकाळी मागितला असता तर मिळाला नसता. आणि वही सगळ्यांसमोर वाचली जायची. एखाद्याच्या नावापुढे फुली पडली की एकोणीस जणांच्या नजरा वळत. ‘काय रे, बरं आहे ना घरात?’ या प्रश्नात काळजी होती आणि तगादाही.

पण याच वहीत एका श्रावणातल्या शनिवारी नोंदी थांबतात. पुढची पानं कोरी. आई सांगायची ती गोष्ट थोडक्यात अशी. ज्याच्याकडे पैसे होते, त्यानं स्वतःच्या अडचणीत ते वापरले आणि एके दिवशी घराला कुलूप लावून गेला. त्याचं नाव वहीत आहे, पण ते इथं देण्यात अर्थ नाही. त्या दिवाळीला आमच्या घरी नवे कपडे आले नाहीत. पावती नव्हती, नोंदणी नव्हती, दाद मागणार कुठं? भिशीतला पैसा कायम कुणाच्या तरी हातात फिरत असतो. तेच तिचं बळ आणि तीच तिची दुखरी नस.

पिग्मीचं कार्ड सुरू होतं ते त्यानंतर दोन महिन्यांनी.

पिग्मी म्हणजे ठेंगणा. ही ठेव मूळची दक्षिण कानडातली. उडुपीला १९२५ मध्ये उपेंद्र अनंत पै, डॉ. टी. एम. ए. पै आणि वामन कुडवा यांनी कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट काढली, तीच पुढे सिंडिकेट बँक झाली. हातमाग विणकरांना भांडवल मिळावं हा उद्देश होता. १९२८ मध्ये तिनं पिग्मी ठेव सुरू केली. रोज अगदी दोन आणेसुद्धा चालत, आणि ते न्यायला बँकेचा माणूस दारात येई. दोन आण्यांचा हिशोब मी मांडून पाहिला. आठ दिवसांचा रुपया, वर्षाचे पंचेचाळीस रुपये दहा आणे, व्याज वेगळं. पुढे कितीतरी बँकांनी आणि पतसंस्थांनी ही पद्धत उचलली, आणि आपल्याकडे बँक कुठलीही असो, रोजच्या ठेवीला ‘पिग्मी’ हेच नाव पडलं.

म्हणजे भिशीतला ठरलेला वेळ आणि ओळखीचा चेहरा तसाच राहिला, वर बँकेची पावती आली. याची किंमत होतीच. दारोदार फिरणाऱ्याचं कमिशन कुठून तरी निघायला हवं, म्हणून पिग्मीला व्याज बेताचं. मुदतीआधी मोडली तर तेही जवळजवळ जायचं. पोस्टात जास्त मिळालं असतं, हे वडिलांना कळत नव्हतं असं नाही. ते म्हणायचे, ‘व्याज बघून पैसा राहत नाही, माणूस आला की राहतो.’

तो माणूस मात्र कागदावर कुणाचाच नव्हता. ऊन-पाऊस न बघता सायकलवरून गल्ल्या पालथ्या घालायचा, पण बँकेच्या लेखी तो नोकर नव्हता, कमिशनवरचा कंत्राटदार होता. हा वाद हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणापुढे गेला. १९८८ च्या निवाड्यात महिन्याला ७,५०० रुपये गोळा करणाऱ्याला ७५० रुपयांचा किमान मोबदला ठरला. बँकांनी वरच्या न्यायालयात दाद मागितली. अखेर फेब्रुवारी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे ठेव गोळा करणारे कामगारच आहेत आणि त्यांचं कमिशन हे कामाच्या प्रमाणात मिळणारं वेतन आहे. लोकांना बचतीची सवय लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या म्हातारपणाची तजवीज मागायला इतकी वर्षं लागली.

१ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. आता मोबाईलवर दर महिन्याला हप्ता आपोआप कापला जातो. तीही एक व्यवस्थाच, आणि चांगली आहे. फक्त एखादा हप्ता चुकला, तर ‘बरं आहे ना घरात?’ असं ती विचारत नाही.

जाता जाता एक विनंती. आपल्या भागाचा इतिहास लिहिताना आपण ताम्रपट आणि बखरी शोधतो, त्या शोधायलाच हव्यात. पण मजुरीचे दर, सणाचा खर्च, आजारपणाची उचल, कोण कुणाला जामीन राहिलं, हे सगळं भिशीच्या वह्यांत आहे, आणि त्या वह्या रद्दीत चालल्या आहेत. घरात अशी एखादी वही असेल तर टाकू नका. निदान पानांचे फोटो काढून ठेवा. नावं झाकली तरी चालतील, तारखा आणि आकडे राहू द्या.