खेळाच्या छपराखालचा वॉर्ड



रुग्णसेवेतील आठवणी सांगा, अशी आपल्या चिटणिसांची आज्ञा होती. मी विषय कळविला तो वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमचा. परिचारिकेचा आणि क्रीडागृहाचा काय संबंध, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. थोडा धीर धरावा; संबंध आहे.

हाजी अलीहून वरळीकडे जाताना नॅशनल स्पोर्ट्‌स क्लब ऑफ इंडियाचे आवार लागते. तेथले हे स्टेडियम १९५७ सालचे. आजची मुले त्याला नुसते 'डोम' म्हणतात. आमच्या लहानपणी मात्र त्याचे नाव निघाले, की दारासिंगच आठवे. किंगकाँग आणि दारासिंग यांच्या कुस्त्यांनी त्या काळी मुंबईला वेड लावले होते. आईचा विरोध मोडून वडील एकदा आम्हां भावंडांना घेऊन गेले. वडील डावपेच समजावून सांगत होते आणि माझे लक्ष आखाड्याच्या कडेला औषधांची पेटी घेऊन बसलेल्या एका गृहस्थाकडे होते. एवढी आदळआपट होऊनही त्याला पेटी उघडावी लागली नाही, याचे मला फार नवल वाटले. हे कुतूहल पुढे मला कोठे घेऊन गेले, हे आपण जाणताच.

त्या वास्तूने पुढे कितीतरी रूपे पाहिली. त्यांतले मला विशेष वाटते ते कबड्डीचे. गिरणगावात हा खेळ मातीवर, चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत, पाळी सुटल्यावर खेळला जाई. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्यांनी त्याच्या नियमांसाठी आणि संघटनेसाठी आयुष्य वेचले. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धांत त्याला पदकाचा मान मिळाला. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना याच डोममध्ये झाला आणि यू मुंबाने जयपूरच्या संघाला नमविले. माती गेली, मॅट आली. फुकट पाहण्याचा खेळ तिकिटाचा झाला. हे मला सर्वस्वी रुचले असे नाही. परंतु भर पावसाळ्यात, जुलैच्या अखेरीस, मुंबईत कबड्डी रंगली ती डोक्यावर छप्पर होते म्हणून, हेही मान्य केले पाहिजे.

छपराची गरज सर्वत्र पावसामुळेच असते असे नाही. माझी एक वर्गमैत्रीण डिप्लोमा झाल्यावर कुवेतला गेली आणि अनेक वर्षे जहरा येथे राहिली. जहरा हे कुवेत शहराच्या पश्चिमेस, वाळवंटाला लागून असलेले गाव. त्याच्याच प्रांतातील मितरिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. उन्हाळ्यात तिथल्या मुलांनी खेळावे ते बंद, थंड केलेल्या दालनातच. जहरात लाल किल्ला नावाची मातीची जुनी गढी आहे. १९२० साली इखवानांनी हल्ला केला, तेव्हा शेख सालिम यांनी आपल्या माणसांसह तिच्यात आश्रय घेतला होता. चार भिंतींच्या आत गावाचा जीव कसा सामावतो, हे ती गढी पाहिल्यावर कळते, असे मैत्रीण म्हणे. तेव्हा ते बोलणे मी कानाआड केले.

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी डोममध्ये अमेरिकेच्या एनबीएचे दोन बास्केटबॉल संघ, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज, खेळले. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत मुंबईच्या शाळांतील हजारो मुले होती. त्यानंतर सहा महिने उलटतात न उलटतात तोच, एप्रिल २०२० मध्ये, त्याच जमिनीवर महापालिकेने कोरोनाग्रस्तांच्या खाटा मांडल्या. पुढे ही संख्या पाचशेच्या वर गेली. वरळी कोळीवाडा जवळच होता, आणि मार्चअखेर तो बंद करण्यात आला होता. एका खोलीत आठ माणसे राहतात तेथे रुग्णाला वेगळे ठेवायचे तरी कोठे?

हा प्रश्न मुंबईला नवा नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला आणि लवकरच शहरातील निरनिराळ्या समाजांनी आपापल्या लोकांसाठी तात्पुरती रुग्णालये उभारली. आपल्याच धर्माचे डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस सिद्ध करून प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. पण लस येईपर्यंत आणि आल्यानंतरही रोग्याला निजवायला जागा लागते, हे आपण सांगत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझात अमेरिकेतील ओकलंडच्या नगरसभागृहात रेड क्रॉसच्या परिचारिकांनी वॉर्ड चालविला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधील वुहानने होंगशान क्रीडागृहात तेच केले.

क्रीडागृहच का? आम्हांला शिकविलेला नाइटिंगेल वॉर्ड म्हणजे एक लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा; सिस्टर मधोमध उभी राहिली की प्रत्येक रोगी तिच्या नजरेत. खेळाच्या दालनात मधे खांब नसतात, म्हणून ही सोय आपोआप होते. रुंद दारांतून स्ट्रेचर सहज येतो. सर्वांना एकच रोग असल्याने भिंतींची गरज भासत नाही. मात्र नुसता संशयित रुग्ण तेथे चुकूनही ठेवता कामा नये. उणिवाही आहेत. प्रेक्षक दोन तास बसतो, रोगी दहा दिवस राहतो. तेव्हा स्वच्छतागृहे कधीच पुरी पडत नाहीत. एक खोकला, की शंभर जागे. स्त्रियांना आडोसा मुद्दाम उभारावा लागतो. उद्या एखाद्या नगरपालिकेने असे क्रीडागृह बांधायला घेतले, तर नकाशा एखाद्या जुन्या मेट्रनलाही दाखवावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मी स्वतः तेथे सेवेला गेले नाही. जाण्याची तयारी होती. वयाकडे पाहून नकार मिळाला, आणि तो योग्यच होता. परंतु मे महिन्यात माझा भाचा त्या पाचशेंतील एक झाला. त्याची आई, माझी धाकटी बहीण, एकच वाक्य घोकत राहिली, "ताई, त्याला मैदानात नेऊन टाकलं गं." रोज संध्याकाळी मी त्याला फोन करी आणि ऑक्सिमीटरचा आकडा विचारी. पाचव्या दिवशी तो ९२ म्हणाला. मी त्याला पालथे झोपायला सांगितले, सिस्टरला ताबडतोब हाक मारायला सांगितले, आणि फोन न ठेवता तशीच ऐकत बसले. पावले वाजली, कोणीतरी त्याचे नाव घेतले, सिलिंडरचे चाक फिरल्याचा आवाज आला. एवढ्या वर्षांत तो आवाज मी पहिल्यांदाच फोनच्या या बाजूला बसून ऐकला. बहिणीला मी आकडा सांगितला नाही. अकराव्या दिवशी भाचा घरी आला.

जानेवारी २०२४ मध्ये प्रो कबड्डी पुन्हा डोममध्ये आली, तेव्हा तो मला हट्टाने घेऊन गेला. चढाई चालू असताना त्याने मॅटच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखविले. "मावशी, माझी खाट तिथे होती." मी नकळत तिथून दारापर्यंतची पावले मोजू लागले. बावीस भरली. तेवढ्यात चढाईपटूची पकड झाली आणि आमच्या पुढची सारी मंडळी उभी राहिली.