बारा मुलं आणि दोन बाजू

मंडळी, शाळेतल्या वादविवाद स्पर्धा आठवतात ना? विषय ठरलेला, 'विज्ञान : शाप की वरदान'. दोन्ही बाजूंना सारखा वेळ, आणि ज्याचा आवाज खणखणीत त्याला ढाल! माहिती आणली कुठून, हे कुणी विचारायचं नाही. इथे इंग्लंडमध्ये हाच खेळ अख्ख्या देशाने खेळला, त्याची ही गोष्ट.

फेब्रुवारी १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा लेख आला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्यावरच्या 'एमएमआर' लशीचा ऑटिझमशी संबंध असावा, अशी शंका त्यातून पसरली. लेखातली मुलं किती? फक्त १२! मी इंजिनिअर माणूस. १२ बोल्ट पाहून कोणी पूल पास करत नाही. पण टीव्हीवर दोन बाजूंचे दोन तज्ज्ञ समोरासमोर बसले की बघणाऱ्याला वाटतं, पारडी सारखीच आहेत. २००२ मध्ये डेन्मार्कमध्ये पाच लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. संबंध आढळला नाही. तरी इंग्लंडमध्ये ९२ टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण २००३-०४ पर्यंत ८० टक्क्यांवर घसरलं.

२००४ मध्ये ब्रायन डियर या पत्रकाराने उघड केलं, की लसउत्पादकांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्डना पैसे मिळत होते. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला. वेकफिल्ड यांचं नावही डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं.

दरम्यान शाळांतही बदल झाला. २००६ पासून इंग्लंडमध्ये १४ ते १६ वर्षांच्या मुलांच्या विज्ञानात 'विज्ञान कसं चालतं' हा भाग आला. यॉर्क विद्यापीठ आणि नफील्ड यांनी तयार केलेल्या एका अभ्यासक्रमात तर मुलांनी वादाचा विषय निवडायचा, दोन्हीकडचे दावे जमवायचे आणि कोणाचा पुरावा किती भरवशाचा ते लिहायचं. गुण त्यालाच! नमुना किती मोठा? तुलनेला दुसरा गट होता का? इतरांनाही तेच आढळलं का? पैसा कोणाचा? या चार साध्या प्रश्नांपुढे तो लेख टिकला नसता.

पण घसरणीच्या काळातली पोरं लशीविनाच मोठी झाली होती. २०१२-१३ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्सी भागात गोवराची साथ आली. हजारावर रुग्णांची नोंद झाली. त्यांत शाळकरी मुलं पुष्कळ.

वादविवाद स्पर्धा जरूर घ्याव्यात. फक्त परीक्षकांनी एक प्रश्न सक्तीचा करावा : "बाळ, हे तुला कळलं कुठून?"