माळ म्हणजे उजाड रान नव्हे
(कुरणात शिरणाऱ्या झुडपांचा इतिहास व त्यांची नोंद)



"एवढा माळ नुसता पडून आहे, झाडं तरी लावा," असं आपण सहज बोलून जातो. समजूत अशी, की इथं पूर्वी घनदाट जंगल होतं, ते तुटलं आणि माळ उरला. पुण्याच्या पूर्वेकडील मुलखापुरती तरी ही समजूत खरी नाही.

सह्याद्री पाऊस अडवतो. पुणे शहरात वर्षाला सुमारे ७०० मि.मी. पाऊस पडतो, बारामती, इंदापूरकडे तो ५०० च्या आसपास येतो. त्यात जमीन मुरमाड. अशा ठिकाणी गवत आणि मधूनमधून बोर, हिवर, खैर, बाभूळ, हेच मूळचं रूप. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या ओव्या, दंतकथा व संतचरित्रं तपासून त्यांत कोणती झाडं येतात याचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध केला. तेराव्या शतकापासूनच्या या साहित्यात गवताळ माळ आणि काटेरी झाडं यांचीच वर्णनं अधिक आहेत. म्हणजे माळ हा पूर्वापार माळच आहे.

आपल्या पूर्वजांना त्याची किंमत ठाऊक होती. मराठ्यांचं घोडदळ गवतावर पोसलं जाई आणि त्यासाठी कुरणं राखली जात. जुन्नरजवळचं कुरण, वेल्ह्याकडचं कुरण बुद्रुक अशा गावांच्या नावांत तो शब्द अजून टिकून आहे.

इंग्रजी अमलात नजर बदलली. जिथं सारा नाही आणि इमारती लाकूडही नाही, ती जमीन दप्तरात 'पडीक' ठरली. १८७७ च्या सुमारास वेडी बाभूळ परदेशातून भारतात आणली गेली. स्वातंत्र्यानंतर, १९५२ च्या वननीतीनं देशाची एक तृतीयांश जमीन वनाखाली आणण्याचं ध्येय ठेवलं. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड झाली. हेतू चांगलाच होता: माती धरावी, सरपण मिळावं. गिरिपुष्प बांधावर हिरवळीच्या खतासाठी उत्तमच. पण टेकडीवर त्याची दाटी झाली, की सावलीत गवत विरळ होतं.

वेड्या बाभळीचं तर विचारूच नका. शेळ्या-मेंढ्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून बी माळभर पसरतं. मग मारवेल, पवन्या ही चाऱ्याची गवतं हटतात आणि मेंढपाळाला आणखी लांब जावं लागतं. सुप्याजवळ १९९७ साली जाहीर झालेलं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या चिंकाऱ्यालाही मोकळा माळच लागतो.

ही झुडपं एका रात्रीत येत नाहीत. दरवर्षी थोडी थोडी वाढतात, म्हणून ध्यानात येत नाहीत. आता उपग्रहाच्या चित्रांवरून त्यांचा माग काढता येतो. एप्रिलमध्ये गवत वाळून पिवळं पडतं आणि वेडी बाभूळ हिरवी राहते, त्यामुळे ती चित्रात उठून दिसते. पण गावाला स्वतःचीही नोंद ठेवता येईल. ती अशी:

१. कुरणात कायमचा दगड रोवा. दरवर्षी दिवाळीनंतर त्याच दगडावरून, त्याच दिशेला फोटो काढा.

२. दगडापासून सरळ १०० पावलं चाला. प्रत्येक पावलाला पायाखाली काय आहे ते लिहा: गवत, झुडूप की उघडी जमीन. शंभरात झुडूप किती, हे लगेच कळतं.

३. १० मीटर लांब-रुंद चौकोन आखून त्यातली रोपं आणि मोठी झुडपं वेगवेगळी मोजा. रोपं वाढत असतील तर धोका जवळ आला असं समजा.

४. वही ग्रामपंचायतीत ठेवा. पाच वर्षांनी तोच तुमच्या माळाचा इतिहास होईल.

वेड्या बाभळीचं रोप लहान असतानाच मुळासकट उपटावं. मोठं झुडूप नुसतं वरून तोडलं तर पुन्हा फुटतं. जमिनीखाली वीतभर खणून मुळाचा गड्डा काढावा लागतो. जमीन वनखात्याची असेल तर आधी परवानगी घ्यावी. आणि हिवर, बोर, खैर यांना हात लावू नका बरं का! ती माळाचीच लेकरं आहेत.