गोधडीचे कापड

गोधडी म्हणजे जुन्या कापडाचे थर एकमेकांवर घालून धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण-पांघरूण. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी असेल तर दुपटे. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द सापडतात. संस्कृतातली कंथा हीच. जोगी-गोसावी ती अंगावर वागवीत, आणि चिंध्यांचे वस्त्र नेसणाऱ्या गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणत, ते याच परंपरेला धरून. बंगालमध्ये त्याच शब्दाची कांथा झाली आणि तिच्यावर भरतकाम बहरले. मराठी गोधडीला अशा भरतकामाची हौस फारशी नाही. तिची नक्षी कापडातूनच येते.

हे कापड मुख्यतः लुगड्याचे. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर सुती लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याच्या जागी ते आधी विरते, काठ आणि पदर मात्र धड राहतात. मग विरलेला भाग कापून उरलेली टोके जोडायची. याला दंड घालणे म्हणतात. दंडाचे लुगडेही विरले की त्याचे धडपे होई, धडप्यातून पोराचे झबले निघे आणि राहिलेले कापड गोधडीत जाई. गोधडी फाटली तरी सुटका नव्हती. तिचे पोतेरे व्हायचे, नाहीतर काकडा.

ठिगळाठिगळांची रंगीबेरंगी गोधडी हेच तिचे मूळ रूप, असा समज आहे. तो तपासून घ्यावा लागतो. लुगडे, धोतर, उपरणे, मुंडासे ही न शिवता वापरायची वस्त्रे; त्यांतून कातरलेले तुकडे उरतच नाहीत. अशा घरातली गोधडी मोठमोठ्या पट्ट्यांचीच होणार. चौकोन-त्रिकोणांची रेलचेल व्हायला शिवलेले कपडे, शिंप्याचे दुकान आणि शिलाई यंत्र घरोघर पोचावे लागले. सदरा, परकर, पोलके बेतताना उरलेल्या चिंध्या गाठोड्यात साठू लागल्या आणि गोधडीचा वरचा थर बदलला.

शिवण्याचे काम उन्हाळ्यातले. शेतात काम नसे आणि जमीन कोरडी असे. जुने लुगडे जमिनीवर ताणून अंथरायचे, त्यावर धडपी आणि चिंध्या अशा पसरायच्या की कुठे उंचवटा येऊ नये, मग वरचे कापड. आधी लांब कच्चे टाके, नंतर कडेपासून आत सरकत जाणारे धावदोऱ्याचे चौकोन. कोपरा आला की वळायचे. दोघी-तिघी एकेक बाजू धरून बसत. बारकाईने पाहिले तर एकाच गोधडीत टाक्यांची लांबी बदललेली दिसते, हात बदलल्याची ती खूण. शेवटी कडेने गोट. त्यासाठी लुगड्याचा काठ राखून ठेवलेला असे, कारण हातापायांची ओढाताण कडेलाच जास्त.

घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर धुवायला निघत. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही; दोघींनी दोन टोके धरून पिळायची आणि खडकावर वाळत घालायची.

लुगड्यापासून गोधडीपर्यंतची ही साखळी तुटली ती कापडामुळेच. नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या विरत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि सुईखाली निसटतात. जुने कपडे देऊन बोहारणीकडून स्टीलचे भांडे घेणे शहरात सोयीचे झाले, त्यामुळे गाठोडेच घरात उरले नाही. यंत्रमागाची सोलापुरी चादर स्वस्त पडली, रजईही बाजारात मिळू लागली.

आता गोधड्या विकण्यासाठी शिवल्या जातात. बचत गट त्या करतात, हस्तकलेच्या दुकानांत त्या टांगलेल्या असतात, आणि कापड बहुधा नवे असते. दुपट्यासाठी मात्र अजूनही आजीची जुनी सुती साडी शोधली जाते. पुष्कळ धुतलेल्या कापडाइतके मऊ नवे कापड मिळत नाही.