झिजलेलीं नाणीं

जुन्या नाण्यांचा संग्रह हें धनिकांचेंच व्यसन होय, हा समज आम्हांस मान्य नाहीं. निवृत्त शिक्षकासही तो साधतो. मात्र झिजलेल्या नाण्याचा कंटाळा नसावा.

इ. स. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें क्षत्रप नहपानाचीं सुमारें १३,२५० रौप्य नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला आहे. त्याखालीं नहपानाचें मुख अर्धवट दिसतें. पांडवलेण्यांतील बलश्रीच्या लेखांत क्षहरातवंशाच्या उच्छेदाचा जो निर्देश आहे, त्यास दुजोरा मिळाला तो या विद्रूप नाण्यांचाच.

आमच्या पेटींत चांदी नाहीं. तांब्याच्या शिवराया आहेत. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ हीं अक्षरें त्यांवर क्वचितच पुरीं उमटलेलीं असतात, कारण ठसा नाण्याहून मोठा असे. उरलेलीं हातोहात झिजलीं. तिरप्या उजेडांत धरून एकेक अक्षर लावणें, यांतच खरी गोडी आहे.

संग्राहकांस विनंति एवढीच, कीं नाणें चिंचेनें घासूं नये. तें कोठें मिळालें व वजनांत किती भरलें, हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. मोडीच्या भावानें तांबटाच्या भट्टींत गेलेली शिवराई पुन्हां वाचतां येत नाहीं.