पुणतांब्याची ग्रामसभा आणि मनावरचं ओझं

कर्ज वाढलं की माणूस आधी बोलणं कमी करतो. हिशेब मनातच चालतो, झोप उडते, जेवण जात नाही. ‘माझंच चुकलं’ ही भावना सर्वांत जास्त पोखरते.

२०१७ साली गोदाकाठच्या पुणतांब्यात, चांगदेव महाराजांच्या समाधीच्या गावात, शेतकरी ग्रामसभेत बसले. मालाला भाव नाही, कर्ज फिटत नाही, हे घराघरातलं दुखणं चारचौघांत मांडलं गेलं आणि ते साऱ्या गावाचं निघालं. १ जूनपासून संपाचा ठराव झाला. दूध-भाजी शहरांकडे पाठवणं थांबलं, संप राज्यभर पसरला. त्याच महिन्यात सरकारने कर्जमाफी जाहीर केली. प्रश्न मात्र संपले नाहीत. २०२२ मध्ये गाव पुन्हा ग्रामसभेत बसलं.

ग्रामसभा म्हणजे उपचार नव्हे. पण लाज कमी झाली की माणूस मदत मागतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी लोकांशी नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली. १८ महिन्यांत नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

म्हणून रोज पारावर येणारा शेजारी दिसेनासा झाला, तर घरी जाऊन विचारा. सल्ला नंतर द्या, आधी ऐका. दोन आठवड्यांहून अधिक उदासी, झोप-भूक बिघडलेली असेल तर डॉक्टरांकडे न्या. ‘जगणं नको’ असं तो बोलला तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लगेच लावा.